सुटे पैसे कोणी ठेवायचे?

पर्वतीपायथा

२०२५ हे वर्ष शहरी माणसाच्या खिशातल्या नाण्यांच्या दृष्टीने मोठे विचित्र गेले. २५ जानेवारीपासून एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ लागू झाली आणि पूर्वी पाचाच्या पटीत असणारी तिकिटे अकरा रुपयांसारख्या आकड्यांत निघू लागली. पाठोपाठ १ फेब्रुवारीला मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २३ वरून २६ रुपयांवर आणि टॅक्सीचे २८ वरून ३१ रुपयांवर गेले. सप्टेंबरच्या २२ तारखेला वस्तू व सेवा कराचे दर बदलले, बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांचा ५ टक्के झाला, आणि पाच रुपयांच्या पुड्याची किंमत हिशेबाने ४ रुपये ४५ पैसे निघाली.

यातला प्रत्येक आकडा आपापल्या जागी बिनचूक आहे. इंधन, देखभाल, महागाई यांचे सूत्र मांडले किंवा कराची वजाबाकी केली की हेच उत्तर येणार, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु तोच आकडा रिक्षाच्या मागच्या सीटवर किंवा वाण्याच्या दुकानात दोन माणसांच्या मध्ये येऊन पडतो, तेव्हा त्याला नाण्यांची साथ लागते, आणि ती साथ कोण पुरवणार याचा विचार भाडे ठरवणाऱ्या समितीने किंवा कर ठरवणाऱ्या परिषदेने केलेला दिसत नाही. टॅक्सीचे ३१ रुपये झाले म्हणजे प्रवाशाने तीस देऊन वर एक रुपया काढायचा, नाही तर पन्नास देऊन एकोणीस रुपयांची वाट पाहायची. पुण्यात रिक्षाचा पहिला टप्पा सप्टेंबर २०२२ पासून २५ रुपयांचा आहे, त्यामुळे निदान सुरुवात तरी सोपी होते. पुढचा किलोमीटर १७ रुपयांचा असल्याने ते सुखही फार वेळ टिकत नाही.

यावर सर्वांचे उत्तर ठरलेले आहे, की फोनवरून पैसे पाठवा. मीही पाठवतो. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले तेव्हा भाजीवाल्याला बारा रुपये फोनवरून देता येतील असे कोणी म्हटले असते, तर मी हसलो असतो. आज २६ म्हणजे २६ आणि ४३ म्हणजे ४३ चुकते होतात आणि कुणी कुणाचे देणे लागत नाही. हा फार मोठा फायदा आहे आणि तो नाकारण्यासाठी मी हा धागा काढलेला नाही.

मला जे खटकते ते असे. दहापैकी आठ गिऱ्हाइके फोनवरून पैसे देऊ लागली की दुकानदाराच्या गल्ल्यात नाणी येणेच थांबते. उरलेल्या दोघांना द्यायला त्याच्याकडे सुटे राहत नाहीत. म्हणजे आपण सोयीसाठी जो मार्ग पत्करला, त्याची किंमत आपण मोजत नाही, तर रोखीने व्यवहार करणारा माणूस मोजतो. कायद्याने त्याची नोट चालते, कोणी ती नाकारत नाही. फक्त “सुटे असतील तर द्या” या वाक्यापाशी त्याचा व्यवहार अडतो आणि मग तो दोन रुपये सोडून देतो, किंवा नको असलेली गोळी घेतो, किंवा वस्तूच परत ठेवतो. पूर्वी सुट्यांची चणचण सर्वांना सारखी छळत असे. आता ती फक्त काही जणांच्या वाट्याला येते, आणि ज्यांना ती छळत नाही त्यांनाच वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची सवय असल्यामुळे तिची ओरडही होत नाही.

सुटे ठेवण्याची जबाबदारी कोणाची असावी, याविषयी आपापल्या शहरातला अनुभव आणि मत लिहावे, अशी विनंती.

गल्ल्यावरचा

नाशिकमध्ये आमचे किराणा दुकान आहे आणि वडिलांच्या वेळेपासून सुट्यांची व्यवस्था हा आमच्या धंद्यातला एक स्वतंत्र उद्योग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गल्ल्याच्या लाकडी खणात पाच वाटे असतात. पूर्वी त्यातला उजवीकडचा वाटा आठ आण्यांचा होता. आता त्यात रबरबँड, पेनाचे टोपण आणि जुन्या पावत्या पडलेल्या असतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने आजही चालते, हे बहुतेक गिऱ्हाइकांना पटत नाही, आणि खरे सांगायचे तर ते मी दिले तर कोणी घेत नाही आणि मला दिले तर मीही ते कोणाला देऊ शकणार नाही. म्हणून ४ रुपये ४५ पैशांचा पुडा आला तेव्हा मी पाचच घेतले. एखादे गिऱ्हाईक भांडले की त्याला दोन पुडे नऊला दिले. दहा पैसे सुटले ते त्या भांडणाऱ्याचे नव्हेत, माझेच जास्त झाले, हे त्याच्या लक्षात आले नाही, आणि मीही लक्षात आणून दिले नाही.

सुटे आणण्याच्या आमच्या वाटा ठरलेल्या होत्या. देवळाच्या दानपेटीतली मोजदाद झाली की पुजारी किंवा व्यवस्थापक निरोप देत असे. काही भिकारी संध्याकाळी येऊन दिवसाची चिल्लर देऊन नोटा नेत. पानवाले आणि चहावाले यांच्याशी आमची आपसांत देवाणघेवाण चाले. टंचाईच्या दिवसांत यावर बट्टा बसे, शंभराच्या नोटेला पंच्याण्णवची नाणी मिळत, आणि तो बट्टा आम्ही निमूटपणे सोसत असू, कारण सुटे नसल्यामुळे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले तर नुकसान त्याहून मोठे होते. तेव्हा सुटे ठेवणे ही दुकानदाराची गरज होती, हे पर्वतीपायथा यांनी लक्षात घ्यावे. आता ती गरज राहिलेली नाही, कारण गिऱ्हाईक सुट्यांसाठी दुसरीकडे जात नाही, ते फोन काढते. विहिरीचे झरे आटावेत तसे आमचे हे सगळे झरे गेल्या पाचसहा वर्षांत आटले. देवळातही आता दानपेटीला चौकटीचा कोड चिकटवलेला असतो.

यूपीआयचा मला दुकानदार म्हणून त्रास काहीच नाही. १ जानेवारी २०२० पासून या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. पैसे आल्याची हाळी देणाऱ्या डब्याचे महिन्याचे भाडे तेवढे जाते. तो डबा नसेल तर मात्र पंचाईत होते, कारण संध्याकाळच्या गर्दीत गिऱ्हाइकाने दाखवलेला फोनचा पडदा खरा की खोटा, हे तपासायला वेळ कोणाकडे असतो?

जाता जाता दहाच्या नाण्याविषयी लिहितो. आमच्याकडे कित्येक वर्षे ते कोणी घेत नव्हते, खोटे आहे म्हणत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की त्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही चालतात. मी ते पत्रक छापून भिंतीला लावले होते. गिऱ्हाईक ते सावकाश, पूर्ण वाचत असे आणि म्हणत असे, “ते असू दे, पण तुम्ही मला नोटच द्या.”

सव्वानऊची_जलद

मुंबईच्या बाजूने दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले, वातानुकूलित गाडीचे सहा ठेवले. प्रवाशांच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती. पण नाण्यांच्या दृष्टीने पाहिले तर पाचच्या तिकिटाने गाडीत पाचच्या नाण्यांचा पूर आणला आणि सहाच्या तिकिटाने एकेका रुपयासाठी तोंडातोंडी सुरू केली. मे २०२५ च्या ९ तारखेपासून हे भाडे अनुक्रमे दहा आणि बारा झाले. दुपटीची वाढ झाल्याने साहजिकच ओरड झाली आणि ती योग्यच होती, परंतु साध्या गाडीतला व्यवहार एका नोटेत उरकू लागला हेही खरे. वातानुकूलित गाडीतले वरचे दोन रुपये अजून तसेच आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नाणी कमी आहेत, हा समज मुळातच तपासून पाहिला पाहिजे. काही वर्षांपूर्वी बेस्टच्या आगारांत नाण्यांचा एवढा साठा झाला होता की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग रोखीने, त्यातही नाण्यांत, देण्याची वेळ आली आणि त्याच्या बातम्या झाल्या. त्याच शहरात, त्याच आठवड्यात, स्थानकाबाहेरच्या वडापाववाल्याकडे दोन रुपये परत द्यायला नव्हते. टांकसाळ याच शहरात आहे. फोर्टमध्ये पाडलेल्या नाण्यावर वर्षाच्या आकड्याखाली पत्त्यांतल्या चौकटसारखा बारीकसा हिरा असतो, तो मी गाडीची वाट पाहताना नेहमी शोधतो आणि बहुतेक वेळा सापडतो. तेव्हा प्रश्न नाणी पाडण्याचा नसून ती एका ठिकाणी साचून राहण्याचा आहे. बस, लोकल आणि देवळे यांच्याकडे नाणी जमतात. दुकाने, रिक्षा आणि फेरीवाले यांना ती लागतात. आणि या दोघांच्या मध्ये जी बँक आहे तिला नाणी मोजायचा कंटाळा आहे.

लोकलपुरते बोलायचे तर तिथे हा प्रश्न जवळजवळ सुटला. कूपनांची पुस्तके आणि त्यावर शिक्का मारणारी यंत्रे होती, तेव्हाही रांगेत सुट्यांची कटकट टळत असे. मग स्मार्ट कार्डाची यंत्रे आली आणि २०१४ च्या अखेरीस फोनवरचे तिकीट आले. तरीही सकाळी खिडकीपुढच्या रांगेत कोण उभे असते, ते एकदा थांबून पाहावे. बाजारातून टोपल्या घेऊन निघालेल्या बायका, गावाहून आलेली मंडळी आणि म्हातारी माणसे.

नवे_ते_सोने

मला या चर्चेचे प्रयोजनच समजले नाही. आज रस्त्यावरच्या शहाळेवाल्याकडेही कोड असतो आणि तो वापरायला आलेल्या मजुराकडेही फोन असतो. पाचदहा वर्षांत रोख हा प्रकारच राहणार नाही, तेव्हा जे जाणारच आहे त्याची व्यवस्था लावत बसण्यापेक्षा उरलेल्यांना फोन वापरायला शिकवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

कृष्णाकाठची

‘नवे ते सोने’ यांना उत्तर द्यायचे म्हणून नव्हे, पण “उरलेले” म्हणजे कोण, ते जवळून पाहिलेले असल्यामुळे लिहिते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडे फोन आहे. तो त्यांच्या मुलाच्या नावावर आहे, बँकेचे खातेही त्याच क्रमांकाला जोडलेले आहे आणि पैसे खात्यात आले की त्याचा संदेश प्रथम तो वाचतो. मी पगार खात्यात पाठवू का असे विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, “ताई, हातात द्या. फोनातला पैसा माझा नसतो.” त्या कमरेला कापडी चंची बांधतात. तिच्यात दोन कप्पे आहेत, एकात नोटांची घडी आणि दुसऱ्यात नाणी, आणि बसमध्ये चढण्याआधीच नेमके पैसे मुठीत काढून ठेवतात, कारण नोट पुढे केली की वाहकाचा चेहरा बदलतो हे त्यांना माहीत आहे. त्यांना फोन वापरता येत नाही असे मुळीच नाही. त्या नातवंडांना त्यावर गाणी लावून देतात. त्यांना रोखच हवी आहे, आणि त्यामागचे कारण आपल्या कारणांपेक्षा अधिक पक्के आहे.

माझी आई साताऱ्याहून कऱ्हाडला मावशीकडे एसटीने जाते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले, याचा तिला इतका आनंद झाला की ती वर्षातून दोनदा जायची ती महिन्यातून जाऊ लागली. मात्र निम्मे तिकीट म्हणजे विषम आकडा, आणि आता भाडेवाढीनंतर तो अधिकच विषम झाला. परवाच्या खेपेला तिला परत यायचे काही रुपये राहिले आणि उतरण्याच्या गडबडीत ते मागायचे राहून गेले. रक्कम चहाच्या कपाएवढीही नव्हती. तिला वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. “मागितले असते तर म्हातारी एवढ्याशासाठी गाडी थांबवते असे लोक म्हणाले असते,” असे ती म्हणाली. सवलत सरकारने दिली, पण तिचा शेवटचा रुपया मागण्याचे धैर्य मात्र प्रवाशाने स्वतःच्या पदरचे आणायचे, अशी ही व्यवस्था आहे.

पाचदहा वर्षांनी रोख राहणार नाही असे गृहीत धरले, तरी माझ्या आईला आणि कामाला येणाऱ्या मावशींना त्या पाचदहा वर्षांतच प्रवास करायचा आहे.

टोरांटोहून_बंडू

इकडे कॅनडात एक सेंटचे नाणे सरकारने बंद केले आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून त्याचे वाटप थांबवले. ज्या दिवशी ते थांबले त्याच दिवसापासून रोखीच्या व्यवहारात एकूण बिल जवळच्या पाच सेंटला पूर्ण करायचे, असा दंडक सांगितला गेला: १ आणि २ सेंट असतील तर खाली, ३ आणि ४ असतील तर वर. कार्डाने पैसे दिले तर मूळ आकडा तसाच राहतो. मला यात कौतुक वाटते ते नाणे बंद करण्याचे नाही, तर फरक कोणाकडे जाणार हे दुकानदाराच्या मर्जीवर न सोडता आधीच सांगून टाकण्याचे. कधी गिऱ्हाइकाचे दोन सेंट वाचतात, कधी दुकानदाराचे, आणि हुज्जतीला जागाच उरत नाही.

मात्र येथील बसमध्ये गोष्ट उलटी आहे. चालक सुटे परत देत नाही, त्याच्याकडे ते नसतातच. पेटीत टाकले ते टाकले. लंडनच्या बसगाड्यांनी तर ६ जुलै २०१४ पासून रोख घेणेच बंद केले. तेव्हा परदेशात सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये. एवढेच की नियम काय आहे ते चढण्याआधी प्रवाशाला ठाऊक असते.

डबलबेल

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. वर ताईंनी आईंचा जो अनुभव लिहिला तो वाचून वाहकाची बाजूही मांडावी असे वाटले. त्यांना राग येऊ नये. त्यांचे म्हणणे खोटे नाही.

लोकांचा असा समज आहे की परत न दिलेला रुपया वाहकाच्या खिशात जातो. तसे सहजासहजी होत नाही. कामगिरीवर निघताना वाहकाला स्वतःजवळची खासगी रोकड किती आहे ते वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहावे लागते. वाटेत तपासणी पथकाने गाडी थांबवली तर ते तिकिटांची बेरीज करते, बॅगेतली रोकड मोजते आणि दोन्हींचा ताळा घालते. कमी भरले तर जाब विचारला जातोच, पण जास्त भरले तरी विचारला जातो, कारण जास्त पैसे म्हणजे कोणाला तरी तिकीट न देता घेतलेले पैसे असा संशय येतो. प्रवाशांचे राहिलेले आठदहा रुपये बॅगेत असले की उलट वाहकाच्याच पोटात गोळा येतो.

म्हणूनच तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायची पद्धत होती. वीसच्या जागी पन्नासची नोट आली की तिकिटामागे ‘३०’ लिहून त्याभोवती गोल काढायचा आणि सुटे आले की गाडीत मागे जाऊन ते चुकते करायचे. छापील तिकिटाचा कागद खरखरीत असे, त्यावर बॉलपेन चालत असे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावर शाई धरत नाही आणि उन्हात खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या हातात ते तिकीट तासाभरात पुसट होते. आकडाच दिसेनासा झाला की भांडणाला तोंड फुटलेच म्हणून समजा. आम्ही काही जण तिकीट किंचित फाडून खूण करत असू, पण ती फक्त आम्हालाच कळायची.

सकाळच्या पहिल्या फेरीला सर्वांत जास्त त्रास होतो. आदल्या दिवशीचा भरणा केलेला असतो, बॅग रिकामी असते, आणि गाडीत चढणारा प्रत्येक जण नुकताच यंत्रातून काढलेली पाचशेची कोरी नोट पुढे करतो. वाहकाला कामगिरीवर निघताना आगारातूनच शंभर-दोनशे रुपयांची नाणी द्यावीत आणि संध्याकाळी ती भरण्यात जमा करून घ्यावीत, एवढीशी ही गोष्ट आहे. नाणी आगारातच पडलेली असतात, हे वर कोणी लिहिलेच आहे. भाडे अकरा करणाऱ्याने दर बॅगेत रुपयाची नाणी टाकायची नाहीत, आणि मग वाहकाने व प्रवाशाने एकमेकांकडे चोरासारखे पाहायचे, हे मला शेवटपर्यंत पटले नाही.

मल्लेश्वरमचा_पाहुणा

बेंगळुरूतली एक घडामोड इथे सांगण्यासारखी आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या आणि पाहता पाहता चहाच्या टपऱ्यांवर, भाजीच्या गाड्यांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद लागले. त्या काळात आमच्यासारख्या फोनवाल्यांची जी त्रेधा उडाली ती पाहण्यासारखी होती. संगणकाच्या नोकरीतली मोठमोठी मंडळी पंधरा रुपयांच्या चहासाठी एकमेकांकडे सुटे मागत होती. ज्यांच्याजवळ नाणी होती ते नेहमीचेच लोक होते, फूलवाली आणि झाडूवाला, आणि त्यांच्याकडून सुटे घेऊन फोनवर पैसे परत करण्याचीही सोय नव्हती.

पर्वतीपायथा

इतकी माहिती येईल अशी अपेक्षा नव्हती. विशेषतः डबलबेल यांनी सांगितलेली तपासणीची बाजू मला नवीन होती, आणि तिच्यामुळे माझ्या मूळ प्रश्नाला धार आली आहे. दुकानदाराला आता सुट्यांची गरज उरलेली नाही, वाहकाला ते मिळत नाहीत, बँकेला ते नको आहेत आणि प्रवाशाने ते घरून आणावेत अशी अपेक्षा आहे. म्हणजे आकडा ठरवण्याचा अधिकार एकाकडे आणि तो निभावण्याचे ओझे चौथ्याकडे.

बंडू यांनी सांगितलेला नियम आपल्याकडे जमणार नाही असे काही जण म्हणतील, म्हणून एक जुनी गोष्ट आठवून देतो. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली, तेव्हा आण्याचे नव्या पैशात रूपांतर कसे करायचे हा प्रश्न होताच. सोळा आण्यांचे शंभर पैसे म्हणजे आण्याला सव्वासहा, आणि पाव पैशाचे नाणे काही पाडता येत नव्हते. त्या वेळी तक्ता ठरवून दिलेला होता: एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे. तीन आण्यांच्या खरेदीत गिऱ्हाइकाचे पाव पैशाचे नुकसान होत असे आणि एक आण्याच्या खरेदीत तेवढाच फायदा. पण तो तक्ता सर्वांना सारखाच लागू होता, आणि ज्या देशात तेव्हा लिहितावाचता येणारी माणसे आजच्यापेक्षा कितीतरी कमी होती, त्या देशात तो चालला.

माझी मागणी त्यामुळे एवढीच आहे, की भाडे जिथे रोखीने घेतले जाते तिथे ते पाचाच्या पटीत ठरवावे आणि उरलेला फरक पुढच्या भाडेवाढीत सामावून घ्यावा. २६ च्या जागी २५ ठेवून पुढच्या वेळी थोडे लवकर ३० करावे. रिक्षावाल्यांचे नुकसान होणार नाही. फोनने पैसे देणाऱ्याला हवे तर २६ च लागू द्यावेत. रोख देणाऱ्याला एक रुपया कमी पडला तर त्यात अन्याय काय आहे? आज तो उलट बाजूने चार रुपये जास्त देतोच आहे.

सव्वानऊची_जलद

रोखीला स्वस्त आणि फोनला महाग, हे कोणतेही सरकार मान्य करणार नाही, कारण गेली दहा वर्षे त्याच्या नेमका उलट प्रचार चालला आहे. शिवाय मीटर तपासणारे अधिकारी दोन दर कसे तपासणार? पाचाच्या पटीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. आणि त्याहूनही डबलबेल यांची सूचना अधिक व्यवहार्य वाटते, कारण तिला ना समिती लागते ना अधिसूचना. आगारप्रमुखाच्या पातळीवर ती उद्यापासून अमलात येऊ शकते.

कृष्णाकाठची

डबलबेल काका, राग मुळीच आला नाही. आईला तुमचे उत्तर वाचून दाखवले. तिने विचारले आहे की तिकिटाला फाडून केलेली खूण नेमकी कशी असायची, म्हणजे पुढच्या खेपेला ती वाहकाला तसे करायला सांगेल.

डबलबेल

वहिनींना माझा नमस्कार सांगावा. रुपया राहिला तर वरच्या कोपऱ्याला एक चीर, दोन राहिले तर दोन, पाच राहिले तर कोपराच मुडपलेला. पण ही आमच्या आगारापुरती, आमच्या वेळची रीत होती. आजच्या मुलांना ती ठाऊक नसेल. त्यापेक्षा उतरण्याच्या दोन थांबे आधी पुढे येऊन उभे राहावे आणि सरळ मागावे. मागणाऱ्याचा आम्हाला कधी राग येत नसे. न मागता उतरून जाऊन मग आगारात तक्रार करणाऱ्याचा यायचा.

गल्ल्यावरचा

बँकेबद्दल वर लिहिले गेले आहे, त्यात थोडी भर घालतो. नाणी जमा करून घेणे बँकेला नाकारता येत नाही, रिझर्व्ह बँकेने हे वारंवार बजावले आहे; आणि २०११ च्या नाणे कायद्याने एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत रुपयाची व त्यावरची नाणी देता येतात. याशिवाय फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा शहरांत फोनने पैसे देऊन नाणी काढता येतील अशी यंत्रे बसवण्याचा प्रयोग जाहीर केला होता. आमच्या भागात मी तसे यंत्र पाहिलेले नाही.

बँकेत सुटे हवे असतील तर महिन्याची पहिली दहा तारीख टाळावी आणि दुपारच्या जेवणानंतर जावे. शंभर नाण्यांची प्लास्टिकची पिशवी मिळते. दोनची आणि पाचची मागावी, एकची मागितली तर दहाची देतात. पिशवी तिथेच उघडून मोजावी, कारण बाहेर पडल्यावर कमी भरली तर कोणी ऐकत नाही. मी सध्या अशा तीन पिशव्या आणून ठेवल्या आहेत आणि रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाला गोळी देणे बंद केले आहे. बट्टा लावत नाही. आमच्या बाजूच्या रिक्षाथांब्यावरचे चालक सकाळी शंभराची नोट देऊन सुटे घेऊन जातात आणि रात्री घरी जाताना त्यातलीच काही नाणी माझ्याकडे दूध-पाव घ्यायला परत येतात.